विधेयक ते अधिनियम : महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्याचा अभ्यास

प्रास्ताविक

सामाजिक सुधारणेसाठी कायदा असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे संमतिवयाच्या विधेयकापासून चालत आला आहे. या वादात एक गोष्ट नेहमी मागे राहते, ती म्हणजे प्रत्यक्ष विधेयकाचा मजकूर. विधेयकाच्या नावावर सभा होतात, मोर्चे निघतात, वृत्तपत्रांतून पत्रव्यवहार रंगतो. परंतु त्यातील व्याख्या, अपवाद आणि अनुसूची वाचलेली माणसे मोजकीच असतात. महाराष्ट्रात अठरा वर्षे गाजलेले जादूटोणाविरोधी विधेयक याला अपवाद नव्हते. पदवी वर्गात हा कायदा शिकविताना प्रस्तुत लेखकाला दरवर्षी एकच प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'सर, मग सत्यनारायण घातला तर गुन्हा होतो का?' प्रश्न विचारणारा विद्यार्थी खोडसाळ नसतो. विधेयकाविषयी घरात आणि गावात जे बोलले गेले, तेच तो विचारीत असतो.

प्रस्तुत लेखात या कायद्याची सामाजिक पार्श्वभूमी पुन्हा सांगण्याचा हेतू नाही. ती बहुतेक वाचकांस परिचित आहे. प्रस्तावित कायदा विधिमंडळाच्या वाटेने जात असता त्याच्या मजकुरात काय बदल झाले, त्या बदलांमुळे कायद्याच्या कक्षेत काय आले व कक्षेबाहेर काय राहिले, एवढ्यापुरतीच ही मांडणी मर्यादित आहे.

ठराव, विधेयक आणि व्यपगत होणे

१९९५ साली विधान परिषदेत अंधश्रद्धाविरोधी कायदा करावा अशा आशयाचा अशासकीय ठराव संमत झाला. येथून या प्रवासाची सुरुवात मानली जाते. अशासकीय ठराव हा सभागृहाची इच्छा व्यक्त करतो. त्याने शासनावर कायदेशीर बंधन येत नाही. त्यामुळे ठरावानंतर मसुदा तयार होऊन तो मंत्रिमंडळापुढे येईपर्यंत नवे शतक उजाडले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे प्रा. श्याम मानव या दोघांचाही मसुद्याच्या जडणघडणीत व प्रचारात वाटा होता. डिसेंबर २००५ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेने विधेयक संमत केले. त्यानंतर ते विधान परिषदेत अडले.

'परिषदेत अडले' हे वाक्य वृत्तपत्रांतून इतक्या वेळा आले की, जणू परिषदेपुढे विधानसभेचा इलाजच नव्हता अशी समजूत रूढ झाली. संविधानातील तरतूद वेगळी आहे. अनुच्छेद १९७ नुसार विधानसभेने संमत केलेले साधे विधेयक परिषदेपुढे मांडल्यापासून तीन महिन्यांहून अधिक काळ संमत न होता पडून राहिले, तर विधानसभा ते पुन्हा संमत करून परिषदेकडे पाठवू शकते. दुसऱ्या खेपेस एक महिन्याहून अधिक काळ गेल्यास ते विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानले जाते. म्हणजे परिषदेला विलंब करण्याचा अधिकार आहे. विधेयक कायमचे रोखण्याचा नाही. २००६ ते २००९ या काळात सत्तारूढ आघाडीला विधानसभेत बहुमत होते. हा मार्ग अवलंबिला गेला नाही, याचे कारण संविधानात शोधण्यात अर्थ नाही.

२००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले. येथेही एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. अनुच्छेद १९६ नुसार मूळ परिषदेत मांडले गेलेले व विधानसभेने संमत न केलेले विधेयक विधानसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहते; मात्र विधानसभेने संमत करून परिषदेकडे पाठविलेले विधेयक विसर्जनासरशी संपुष्टात येते. एका सभागृहाची मान्यता मिळविलेले विधेयक मरावे आणि न मिळविलेले जगावे, हे वरवर विपरीत दिसते. परंतु त्यामागील तर्क सरळ आहे : ज्या विधानसभेने मान्यता दिली ती आता अस्तित्वात नाही, तेव्हा नव्या विधानसभेला जुन्या मान्यतेने बांधता येत नाही. राज्यशास्त्राच्या अध्यापकांना हा नियम शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

२०११ मध्ये विधेयक नव्याने मांडण्यात आले, आणि पुन्हा एका अधिवेशनातून दुसऱ्या अधिवेशनात ढकलले जाऊ लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश काढण्याचा निर्णय घेतला आणि त्याच महिन्यात अनुच्छेद २१३ खाली राज्यपालांनी तो प्रख्यापित केला. अठरा वर्षांत जे झाले नाही ते एका आठवड्यात झाले. डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले आणि तो २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३० झाला. (हत्येच्या खटल्याचा निकाल लागण्यास मात्र मे २०२४ उजाडावे लागले. पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना दोषी ठरविले व तिघांची निर्दोष मुक्तता केली.)

एका वाक्याची उलटापालट

वारकरी व अन्य धार्मिक संघटनांचा विरोध हा सरसकट अज्ञानातून आला होता, असे म्हणण्याची पुरोगामी वर्तुळात पद्धत आहे. मसुदा वाचल्यास हे मत थोडे बदलावे लागते. २००५ च्या विधेयकात शंकानिरसनासाठी म्हणून एक कलम घातले होते. त्याचा आशय असा की, ज्या धार्मिक विधींनी कोणत्याही व्यक्तीवर मानसिक, शारीरिक वा आर्थिक परिणाम होत नाही, अशा विधींना हा कायदा लागू होणार नाही. मसुदाकारांचा हेतू अभय देण्याचा होता. परंतु विधिवाचनाचा एक साधा नियम आहे : अपवाद जितका अरुंद तितकी मुख्य तरतूद रुंद. आणि हा अपवाद अतिशय अरुंद होता. ज्या विधीने कोणावर मानसिक परिणामच होत नाही, असा विधी कोणता? पंढरीची वारी करणाऱ्याच्या मनावर परिणाम होतो म्हणूनच तो वारी करतो. श्राद्धाला खर्च येतो. म्हणजे आर्थिक परिणाम झाला. उपवासाने शारीरिक परिणाम होतो. तेव्हा 'आमची वारी यात सापडेल' ही भीती, अनुसूचीकडे पाहता निराधार असली तरी, त्या कलमाकडे पाहता अगदीच अनाठायी म्हणता येत नव्हती. अभय देण्यासाठी लिहिलेल्या वाक्याने भय निर्माण केले.

अंतिम अधिनियमात ते सर्वसाधारण वाक्य नाही. त्याऐवजी कलम १२ मध्ये कोणत्या बाबींना कायदा लागू होणार नाही, याची यादीच देण्यात आली. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, प्राचीन विद्या व कलांचे शिक्षण, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन व त्याविषयीच्या साहित्याचा प्रसार, घर, मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च आदी ठिकाणी शारीरिक इजा वा आर्थिक हानी न करता होणाऱ्या प्रार्थना व विधी, सण, उत्सव, मिरवणुका, धार्मिक रीतीनुसार कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, वास्तुशास्त्रविषयक सल्ला, ज्योतिष्यांचा, त्यात नंदीबैलवाल्यांचाही, सल्ला, आणि भूगर्भातील पाणी दाखविणाऱ्या पाणक्यांचा सल्ला. कायद्याच्या पानावर नंदीबैलवाला यावा, हे प्रस्तुत लेखकाला या अधिनियमातील सर्वांत महाराष्ट्रीय वाक्य वाटते.

ही यादी म्हणजे चळवळीने केलेली माघार, अशी टीका झाली. ज्योतिष आणि वास्तुशास्त्र यांना कायद्यानेच अभय दिले, असेही म्हटले गेले. तथापि येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. कलम १२ ज्योतिषाला सत्य ठरवीत नाही; ते एवढेच सांगते की, ज्योतिष सांगणे हा या कायद्याखालील गुन्हा नव्हे. ज्योतिष्याने फसवणूक केल्यास दंड विधानातील फसवणुकीचे कलम जागच्या जागी आहेच. दुसरे असे की, या अधिनियमात 'अंधश्रद्धा' या शब्दाची व्याख्या कोठेही नाही. गुन्ह्याची व्याख्या करताना अधिनियम सरळ अनुसूचीकडे बोट दाखवितो : तेथे नमूद केलेली कृत्ये म्हणजेच नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा. माणसाचा विश्वास काय आहे, हा प्रश्नच कायद्याने सोडून दिला आणि त्याने काय केले, एवढाच धरला. अठरा वर्षांच्या रेट्यात मसुद्याला जी घडण आली ती ही. माघार म्हणावी तर ती आहे; पण न्यायालयात टिकेल असा कायदा याच मार्गाने लिहिता येतो, कारण अनुच्छेद २५ श्रद्धेला हात लावू देत नाही; सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून आचरणाला मात्र लावू देतो.

अनुसूची : तीन दंशांचे कलम

अनुसूचीत एकंदर बारा नोंदी आहेत. भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे, चटके देणे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे. गुप्तधनाच्या शोधात वा करणी-भानामतीच्या नावाखाली अमानुष कृत्ये व नरबळी. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून भीती घालणे. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरे दूध देत नाहीत, असे जाहीर करून तिचा छळ करणे. गर्भातील लिंग बदलून देण्याचा वा बोटाने शस्त्रक्रिया करण्याचा दावा करणे, अशा स्वरूपाच्या या नोंदी होत. यांपैकी प्रत्येकीवर लिहिता येईल. येथे आरोग्याशी थेट संबंध असलेल्या एकाच नोंदीचा विस्ताराने विचार करू, कारण कायद्यातील शब्दयोजना माणसाच्या जिवापर्यंत कशी पोहोचते, ते तिच्यात स्पष्ट दिसते.

कुत्रा, साप वा विंचू चावल्यास त्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यास प्रतिबंध करून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे वा तत्सम उपचार करणे, ही ती नोंद. हे तीनच दंश का निवडले? योगायोगाने नव्हे. या तिन्ही बाबतींत मांत्रिकाचा 'गुण' येतो, आणि तो का येतो याला वैद्यकीय कारण आहे.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्यतः प्राणघातक मानले जातात. बहुसंख्य दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचले जातेच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे आणलेल्या रुग्णांतील बरेचसे काहीही न करता वाचणारच असतात. ते वाचले की मंत्राचा लौकिक वाढतो. उरलेल्यांना ज्या काही तासांत प्रतिविष मिळावयास हवे, ते तास देवळाच्या ओट्यावर जातात. प्रतिविष तयार होते आणि ग्रामीण आरोग्य यंत्रणेपर्यंत पोहोचते. पण ते रुग्णाच्या शिरेत जाण्यासाठी रुग्ण आधी तेथे पोहोचला पाहिजे.

विंचवाचे प्रकरण असेच. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते व मृत्यू ओढवतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात ग्रामीण रुग्णालयात काम करता करता प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध केला आणि या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. परंतु सर्वच विंचू असे नसतात. पुष्कळांच्या दंशाने केवळ असह्य वेदना होतात, आणि त्या काही तासांनी आपोआप ओसरतात. विंचू 'उतरविणाऱ्या'ला नेमके तेवढेच तास हवे असतात.

कुत्र्याच्या दंशात फसगत सर्वांत खोल आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आणि लक्षणे दिसल्यानंतर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. तेव्हा आज दिलेला उतारा लागू पडला की नाही, हे आज कळतच नाही. दोन महिन्यांनी मूल दगावते तेव्हा त्याचा त्या दंशाशी आणि त्या उताऱ्याशी असलेला संबंध गावाच्या ध्यानातही नसतो. जेथे अनुभवच माणसाला चुकीचे शिकवितो, तेथे केवळ प्रबोधनाने भागत नाही, हे सांगणारे याहून समर्पक उदाहरण नाही.

आता त्या नोंदीतील शब्द पुन्हा पाहू. 'उपचार घेण्यास प्रतिबंध करून'. कुटुंब स्वतःहून मांत्रिकाकडे आले, त्याने कोणालाही रोखले नाही, केवळ मंत्र म्हटला आणि रुग्ण दगावला, तर ही नोंद लागू होते का? शब्दशः वाचल्यास शंका उरते, आणि फौजदारी कायद्यात शंकेचा लाभ आरोपीला मिळतो. 'दवाखान्यात नेलात तर मंत्र चालणार नाही' एवढे म्हणणे हा प्रतिबंध मानावा, असा युक्तिवाद अभियोग पक्षाला करता येईल. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो करावयासच हवा. प्रत्यक्षात गावोगावी हेच वाक्य ऐकू येते. परंतु ते वाक्य उच्चारले गेले होते, हे न्यायालयात सांगणार कोण? बहुधा तेच कुटुंबीय, ज्यांनी रुग्णाला तेथे नेले. स्वतःच्या निर्णयाविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य शोकाकुल माणसांकडून अपेक्षिणे, ही या तरतुदीची खरी अडचण आहे.

अनुसूची बंदिस्त असल्याचा परिणाम इतरत्रही दिसतो. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची रीत आहे. भूमक्याच्या लेखी हा भूतबाधेवरचा इलाज असेलच असे नाही. तो पोटदुखीवरचाही असतो. अनुसूचीतील चटक्यांचा उल्लेख भूत उतरविण्याच्या संदर्भात आला आहे. अशा घटनांत गुन्हे नोंदविले गेले आहेत हे खरे. पण मजकूर आणि घटना यांच्यात जी फट आहे ती पोलिसांच्या सद्बुद्धीने किती काळ बुजवीत राहायची?

आधीच काही कायदे होते

'नव्या कायद्याची गरजच काय?' हा आक्षेप विधेयकाच्या विरोधकांनी तसेच काही विधिज्ञांनीही घेतला होता. खून, दुखापत, फसवणूक यांसाठी भारतीय दंड संहिता होती. दैवी कोपाची भीती घालून एखादी गोष्ट करावयास लावणे हा त्या संहितेच्या कलम ५०८ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. जादूच्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९५४ पासून आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. हे सर्व कायदे हानी झाल्यावर किंवा जाहिरात छापून आल्यावर हालचाल करतात. शिवाय त्यांत पुढाकार घेण्याची जबाबदारी कोणा एकावर नाही. २०१३ च्या अधिनियमाने प्रत्येक क्षेत्रासाठी पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसेल असा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र केला, सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड ठेवला, व दोषी ठरलेल्याचे नाव स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याची व्यवस्था केली. यांपैकी शेवटची तरतूद अनेकांना किरकोळ वाटते. ज्याचा सारा व्यवसाय लौकिकावर चालतो, त्याच्या बाबतीत ती किरकोळ नाही.

'अजामीनपात्र' या शब्दाविषयीही बराच गैरसमज आहे. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसून, तो हक्काने न मिळता न्यायालयाच्या विवेकाधीन असतो, असा आहे. त्यातच जुलै २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणी, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असे निर्देश दिले. हा अधिनियम बरोबर त्या मर्यादेत बसतो.

दोन शेजारी उदाहरणे

सामाजिक प्रश्नावर राज्याने पुढाकार घेऊन कायदा करण्याची महाराष्ट्रातील ही पहिली वेळ नव्हती. गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला. त्याआधी दोन वर्षे डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी बेचाळीस जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करीत असल्याचे आढळले होते. महाराष्ट्रापाठोपाठ १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला. परंतु त्याचा मजकूर गर्भधारणेनंतरच्या तंत्रांपुरता होता. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड त्याच्या कक्षेत आणण्यासाठी २००३ ची दुरुस्ती करावी लागली. दरम्यान राज्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेतील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ वर, आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. कायद्याचा मजकूर आणि व्यवहार यांच्यात शर्यत लागली की व्यवहार पुढे धावतो, हे या आकड्यांत दिसते.

दुसरे उदाहरण सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचे. जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धचे हे विधेयक १३ एप्रिल २०१६ रोजी विधानसभेत एकमताने संमत झाले. जादूटोणाविरोधी विधेयकाच्या तुलनेत त्याला विधिमंडळात जवळजवळ विरोध झालाच नाही. तरीही तो अधिनियम जुलै २०१७ मध्ये अमलात आला, कारण विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले होते. समवर्ती सूचीतील विषयावरील राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरल्यास अनुच्छेद २५४ (२) चे संरक्षण अशा संमतीनेच मिळते. त्यामागे जुना इतिहासही आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीस बंदी घालणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो घटनाबाह्य ठरविला. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांचे मत वेगळे पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने त्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. २०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाखापर्यंत दंड आहे. पण न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची वाटही ठेवली आहे. एकाच गावात राहावयाचे असलेल्या माणसांचा विचार त्यात दिसतो. जादूटोण्याच्या कायद्यात हा विचार फारसा नाही, आणि नसावा हेच योग्य. डाकीण ठरविलेल्या बाईने तडजोड कशाची करावयाची?

अनुसूचीचे दार

बिहारने १९९९ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये, ओडिशाने २०१३ मध्ये आणि राजस्थान व आसाम या राज्यांनी २०१५ मध्ये जे कायदे केले, ते प्रामुख्याने स्त्रीला चेटकीण ठरविण्याच्या प्रथेपुरते होते. अनेक प्रथांची एकत्र अनुसूची करण्याची महाराष्ट्राची पद्धत कर्नाटकाने २०१७ मध्ये उचलली आणि ती पुढे नेली. इतरांनी जेवून उठलेल्या पत्रावळींवर लोळण्यास लावणे, तसेच रजस्वला वा गर्भवती स्त्रियांना सक्तीने वेगळे ठेवणे, या नोंदी कर्नाटकाच्या अनुसूचीत आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचीत त्या नाहीत. गडचिरोलीतील माडिया-गोंड वस्त्यांत मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांना ज्या कुर्माघरात राहावे लागते, त्याचा २०१३ च्या अधिनियमाशी संबंध जोडता येत नाही. गुजरातनेही २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या धर्तीवर कायदा केला. ज्या राज्याने वाट पाडली, त्याची यादी मात्र जेथल्या तेथे आहे.

त्याचे एक कारण मजकुरातच आहे. कलम १२ मधील अपवादांच्या शेवटी असे म्हटले आहे की, राज्य शासन अधिसूचनेद्वारे आणखी पारंपरिक धार्मिक विधींना सूट देऊ शकेल. अनुसूचीत नवी नोंद घालण्यासाठी अशी सोय नाही. त्यासाठी दुरुस्ती विधेयक मांडावे लागेल, दोन्ही सभागृहांत संमत करावे लागेल, राज्यपालांकडे पाठवावे लागेल. सूट वाढविण्यास राजपत्रातील एक अधिसूचना पुरे. गुन्हा वाढविण्यास पूर्ण विधिमंडळ हवे. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने ही रचना सदोष नाही. नवा गुन्हा लोकप्रतिनिधींनीच निर्माण करावा, सचिवालयातील कक्षाने नव्हे, हे तत्त्व योग्यच आहे. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा होतो की, तेराव्या नोंदीसाठी कोणी तरी पुन्हा मसुदा लिहावयास, आमदारांच्या दारी जावयास आणि अधिवेशनामागून अधिवेशने नागपूर-मुंबईच्या प्रेक्षकसज्जात बसावयास तयार असले पाहिजे.

विंचू, साप व कुत्रा यांच्या नोंदीतील 'प्रतिबंध करून' हे दोन शब्द बदलण्यासाठीही तेवढेच करावे लागेल.